वीस रुपयांचं जागरण

लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री अकराला चक्कर मारा. कापडाची दुकानं बंद, किराणा बंद, बँका तर केव्हाच बंद. उघडं काय? अभ्यासिका, झेरॉक्स आणि टपरीवरचा रस्ताभर उजेड सांडणारा फ्रिज.

फ्रिजमध्ये पाणी कोपऱ्यात. पुढच्या रांगेत लाल बाटल्या.

2016 च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या काळातही एनर्जी ड्रिंकची टंचाई झाली म्हणून कुणी घागर मोर्चा काढल्याचं आठवतं का? पुरवठा कसा सुरळीत ठेवायचा, हे एकदा पाटबंधारे खात्याने या कंपन्यांकडून शिकून घ्यावं.

नांदेडकरांनी हसू नये. श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर, कुठेही जा, तोच फ्रिज, तीच रांग. महसूल आयुक्तालय कुणाकडे यावरून ही दोन शहरं वर्षानुवर्षं एकमेकांकडे डोळे वटारून बघतात. रेल्वेवरून भांडतात. या एका बाबतीत मात्र संपूर्ण मतैक्य.

एक पोरगं येतं. गळ्यात क्लासचं ओळखपत्र, पायात स्लीपर, काखेत अर्धवट सोडवलेला टेस्ट पेपर. वीसची नोट काउंटरवर ठेवतं. बोलत नाही. टपरीवालाही विचारत नाही, बाटली काढून पुढे सरकवतो. झाकण फिरतं, मान मागे जाते, पाच-सहा घोटांत बाटली रिकामी. चहाला निदान फुंकर तरी मारावी लागते, इथे तेवढीही उसंत नाही. रिकामी बाटली पायरीजवळच्या खोक्यात पडते. खोकं आधीच भरून वाहतंय.

“लेकरं रातभर अभ्यास करायलेत, दादा,” टपरीवाला अभिमानाने सांगतो.

त्याचं स्वतःचं लेकरू घरी झोपलेलं असतं.

आता त्या बाटलीकडे जरा जवळून बघा. पुढे ठसठशीत अक्षरांत नाव, रंग भडक, चित्रात विजेचा लोळ. बाटली फिरवा. मागे बारीक अक्षरांची एक ओळ भेटेल. मुलांनी, गरोदर आणि स्तनदा मातांनी, कॅफिन सोसत नाही अशांनी हे पिऊ नये. दिवसाला 500 मिलीच्या वर घेऊ नये. ओळ बहुधा इंग्रजीत. वाचायला भिंग हवं आणि इंग्रजीही हवं. ज्याच्याकडे दोन्ही आहे, तो सहसा हे पीत नाही.

कायद्याने याचं नाव ‘एनर्जी ड्रिंक’ नाहीच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकात त्याला ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’ म्हणतात. लिटरमागे कॅफिन किमान 145 मिलिग्रॅम आणि कमाल 300 मिलिग्रॅम. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त 75. कायद्याने कॅफिन म्हटलं, जाहिरातीने एनर्जी म्हटलं. तुम्ही-आम्ही कुणाचं ऐकलं, ते खोक्यात दिसतंच आहे.

एप्रिल 2024 मध्ये याच प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना खडसावलं. दुधाच्या, धान्याच्या, माल्टच्या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ किंवा ‘एनर्जी ड्रिंक’ म्हणून विकू नका. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच कायद्यात नाही आणि ‘एनर्जी’ हा शब्द फक्त पाण्यात चव घालून केलेल्या पेयांसाठी आहे. म्हणजे आईने दुधात काही कालवून दिलं तर ती एनर्जी नव्हे. पाणी, साखर, रंग आणि कॅफिन? ती एनर्जी.

नियमाप्रमाणे अगदी बरोबर आहे. तक्रार कुणाकडे करणार?

या द्रव्यात ताकद किती, हेही पाहून घेऊ. दिवसभर मेंदू राबला की ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप येते. कॅफिन जाऊन त्याच्या जागेवर बसतं. थकवा जात नाही, थकव्याची खबर तेवढी थांबते. हे गावच्या सावकारासारखं आहे. आज हातावर पैसे ठेवतो, वसुलीला उद्या दारात उभा. शिवाय इथे गहाण जमीन नसते, झोप असते.

आणि वसुली होतेच. मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला प्यायलं तर पहाटे चारला निम्मं शिल्लक. झोप लागली तरी पोटभर होत नाही. सहाच्या बॅचला पोरगं बसतं ते डोळे उघडे ठेवून झोपायला.

मग सहाच्या बॅचसाठी आणखी एक बाटली.

नीटच्या अभ्यासक्रमातली मोठी गंमत सांगतो. अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पिनियल ग्रंथी आहे, तिच्यातून स्रवणारं मेलाटोनिन आहे आणि ते झोप-जागेपणाचं चोवीस तासांचं चक्र सांभाळतं, असं छापलेलं आहे. पोरं हे रात्री दोन वाजता पाठ करतात. बाटली शेजारी ठेवून.

उत्तर बरोबर येतं. चार गुण.

त्याहून मोठी गंमत वेळेची. नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो. अख्खं वर्ष हे पोरगं रात्री दोनला तल्लख आणि दुपारी दोनला पेंगुळलेलं राहायची तालीम करतं. तालमीप्रमाणेच प्रयोग होणार ना? मग निकालानंतर म्हणायचं, “सगळं येत होतं, ऐन वेळी डोकं चाललं नाही.” डोकं चालतं हो. त्याची पाळी रात्रीची लावली होती.

तेरा ते अठरा वर्षांच्या पोरांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचं वैद्यक सांगतं. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं तेही झोपेतच. हे क्लासच्या माहितीपत्रकात कुठे आहे? टेस्ट सीरिज आहे, डाउट सेशन आहे, मोटिव्हेशनल लेक्चर आहे, एसी अभ्यासिका आहे. झोपेचा तास नाही. त्याची फी लावता येत नाही.

आता लगेच युक्तिवाद येणार. चहातही कॅफिन असतंच की! असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत कपभर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम आणि गाळलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम दिलंय. दिवसाची मर्यादा 300. म्हणजे एक बाटली साधारण दीड-दोन कप चहाएवढी. मोठ्या धडधाकट माणसाने सणासुदीला एक प्यायली तर आभाळ कोसळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

पण आपल्याकडे सणासुदीला कोण पितंय? सण रोजच आहे.

आणि चहा सोडून बाटली धरलेली नाही, चहा धरून बाटली धरलेली आहे. सकाळी मेसचा चहा, दुपारी टपरीचा, संध्याकाळी मित्राच्या वाढदिवसाची कोल्ड कॉफी, रात्री दोन बाटल्या. बेरीज कुणी करायची? गणित तर नीटला नसतंच.

शिवाय यात एकटं कॅफिन नसतं. 2019 मध्ये अमेरिकेत 34 निरोगी तरुणांना तासाभरात जवळपास लिटरभर एनर्जी ड्रिंक पाजून त्यांचे ईसीजी काढले. हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये जी विद्युत जुळवाजुळव चालते, तिला लागणारा वेळ लांबला होता, चार तासांनंतरही. हा वेळ फार लांबला तर ठोक्यांचा ताल बिघडू शकतो. एवढ्या कॅफिनने एकट्याने असं व्हायला नको होतं, म्हणजे त्याच्या जोडीला बाटलीत आणखी कोण बसलंय ते शोधायला हवं, असं संशोधकांचं म्हणणं पडलं.

आपली पोरं शोधत नाहीत. चव बघतात.

साखरेचं काय? 250 मिलीच्या रेड बुलमध्ये 27 ग्रॅम साखर असते. सहा-सात चमचे. बाहेरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते आहे. म्हणजे एका डब्यात दिवसाचा कोटा संपला, वर दोन ग्रॅमची उधारी. घरी चहात तिसरा चमचा टाकला तर आई लगेच मामाच्या शुगरची आठवण काढते. डब्यातले सात चमचे कुणाच्या डोळ्याला दिसत नाहीत.

दिसत नाही ते गोड नसतं, हा आपला जुना समज.

वर आंबटपणा. हे सगळं आम्लधर्मी प्रकरण. दातांवरचं आवरण झिजवतं, रिकाम्या पोटी गेलं की पित्त उसळतं. मग पोरगं गावी फोन करतं, “आई, मेसचं तेल खराब आहे.” मेसवाला बिचारा उगाच बदनाम. त्याच्या भाजीत तेल असतं कुठे?

‘रोज’ या शब्दाला काय किंमत मोजावी लागते, त्याची एक गोष्ट इंग्लंडमधली. पोरगा 21 वर्षांचा, विद्यापीठात शिकणारा. दोन वर्षं दिवसाला 500 मिलीचे चार-चार डबे. एकेका डब्यात 160 मिलिग्रॅम कॅफिन. श्वास लागायला लागला, वजन उतरलं आणि दवाखान्यात गेला तेव्हा हृदय निकामी होत चाललेलं. किडन्यांचंही दुखणं निघालं, ते मात्र बहुधा जुनं. 58 दिवस दवाखान्यात, त्यातला काही काळ अतिदक्षता विभागात. डॉक्टरांनी 2021 मध्ये ही केस ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये छापली आणि हृदयाच्या दुखण्यामागे बहुधा हे डबे असावेत, असा निष्कर्ष काढला. पोराने स्वतः सांगितलं, की हात थरथरायचे, छाती धडधडायची, अभ्यासात लक्ष लागायचं नाही. डबे सोडायला गेलं की डोकं ठणकायचं.

म्हणजे डबे धरले आणि अभ्यासच सुटला.

एका केसवरून सगळं सिद्ध होत नाही, मान्य. पण ‘हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप येत नाही, चिडचिड होते’ ही यादी तुम्ही आधी कुठे ऐकली आहे? आपल्याच घरी. आपण तिला ‘परीक्षेचं टेन्शन’ म्हणतो. काही घरांत तर नजर काढतात. मिरच्या जळतात, धूर होतो, बाटली दप्तरात तशीच.

रेड बुलचं कूळही बघा. 1970 च्या दशकात थायलंडमध्ये हे सुरू झालं ते रात्रपाळीचे मजूर आणि ट्रकचालक यांच्यासाठी. 1987 मध्ये ऑस्ट्रियात त्याला चकचकीत डबा मिळाला आणि सोबत जाहिरातीतले पंख मिळाले. आज नांदेडच्या खोलीत त्याच जातीचं पेय पिऊन पोरगं ट्रकचालकाची पाळी करतं. फरक एवढाच, की चालकाला पाळीचे पैसे मिळतात. इथे पैसे बाप भरतो.

पंखांवरून आठवलं. जाहिरातीत सांगितलेले फायदे होत नाहीत, म्हणून अमेरिकेत ग्राहकांनी रेड बुलवर दावा लावला. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण 2014 मध्ये 1.3 कोटी डॉलरवर तडजोड केली. ग्राहकाला भरपाई काय देऊ केली? दहा डॉलर रोख, नाहीतर पंधरा डॉलरची तीच पेयं.

घ्या, पंख परत.

आता सरकार. सरकार काही झोपलेलं नाही. जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत सत्यजित तांबे यांनी प्रश्न विचारला आणि तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी सांगून टाकलं, की शाळांच्या 500 मीटर परिसरात जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री बंद करू. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी अशा पेयांची यादी करून राज्यभरच्या अधिकाऱ्यांना पाठवा, असे निर्देश दिले. टाळ्या. बातम्या. मथळे. चार महिन्यांनी निवडणूक, पाच महिन्यांनी नवे मंत्री.

फ्रिज तोच.

बरं, 500 मीटर कुठून मोजायचे? शाळेपासून. आणि क्लास म्हणजे शाळा का? नाही. अभ्यासिका? नाही. हॉस्टेल, मेस, कॉट बेसिसची खोली? नाही, नाही, नाही. अकरावी-बारावीचं पोरगं नावापुरतं कुठल्यातरी कॉलेजच्या पटावर असतं आणि प्रत्यक्षात सोळा तास क्लासच्या गल्लीत. बंदी तिथे, जिथे ते नसतं. ते जिथे असतं, तिथे ऑफर.

यापूर्वीही एक नियम झालाय. 2020 चा. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत. त्याच्याही आधीचा, 2003 चा, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू नको. हे दोन नियम आणि ती घोषणा एकावर एक ठेवून बघा. मधोमध कोण उभा असतो? तोच टपरीवाला. डाव्या हाताला पुड्यांच्या माळा, उजव्या हाताला फ्रिज आणि समोर शाळा सुटलेली.

शाळा सुटलेली पोरं तर आणखी लहान. कंधार, मुखेड, औसा, अहमदपूर, कुठल्याही गावच्या किराणा दुकानात चौथी-पाचवीतली दोघं-दोघं मिळून दहा-दहा रुपये काढतात आणि बाटली वाटून पितात. वाटून पितात तेवढं बरं. वाढत्या मुलांनी दिवसाला वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या वर कॅफिन घेऊ नये, असा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा हिशोब आहे. पंचवीस किलोच्या लेकरासाठी ते किती झालं? 75. बरोबर एक बाटली. म्हणजे एकट्याने संपवली, की त्या दिवशी घोटभर चहालाही जागा उरत नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर 2011 पासून सांगते, मुलांच्या खाण्यापिण्यात याला जागाच नाही.

आपल्याकडे जागा आहे. बिस्किटांच्या शेजारी.

लिथुआनियाने 2014 मध्ये, लात्वियाने 2016 मध्ये अठराच्या आतल्यांना विक्री बंद केली. पोलंडने 1 जानेवारी 2024 पासून. तिकडे गल्ल्यावर वय विचारतात. आपल्याकडे गल्ल्यावर फक्त एक विचारतात, “थंड देऊ का साधं?”

भरतीची पोरं राहिलीच. पहाटे पाचला मैदानावर 1600 मीटरचा सराव. पोलीस भरती, अग्निवीर, जे निघेल ते. “पळायच्या आधी एक मारली की दम लागत नाही,” असं कुणीतरी सीनियर सांगतो. हा सीनियर स्वतः कधीच भरती झालेला नसतो. मराठवाड्याचा मे महिना, पारा चाळिशीच्या पार, अंगातलं पाणी आधीच आटलेलं, त्यात ठोके वाढवणारं पेय आणि वर जीव तोडून पळणं. दम लागणं ही शरीराची तक्रार असते. ती ऐकू येऊ नये म्हणून वीस रुपये मोजायचे?

मीठ-साखर-लिंबाचं पाणी एका मडक्यात मैदानावर ठेवता येतं. पण मडक्याचा व्हिडिओ चांगला येत नाही.

बारमधले सज्जन तर हे दारूत मिसळतात. म्हणे चढत नाही. चढते तेवढीच, कळत नाही एवढंच. मग मोटारसायकल काढतात आणि कळतं ते दुसऱ्याला.

रात्री लातूर-नांदेड रस्त्यावर गाडी हाकणाऱ्यांचीही तीच श्रद्धा. लोह्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. कॅफिनचा जोर ओसरला की दाबून ठेवलेली झोप विचारून येत नाही. बाजूला गाडी लावून वीस मिनिटं डोळा मिटणं फुकट आहे. फुकटचं औषध आपल्याला लागू पडत नाही.

आई-बापांना काय बोलणार? जमीन विकून, नाहीतर सोयाबीनच्या पट्टीवर उचल घेऊन क्लासची फी भरलेली असते. लातूर पॅटर्नचं नाव राजर्षी शाहू आणि दयानंदच्या निकालांनी राज्यभर झालं, तेव्हापासून इथे येणारं प्रत्येक लेकरू घरची एकमेव गुंतवणूक म्हणून येतं. एसटीने डबा येतो. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पोराला आवडते म्हणून वेगळी बांधलेली चुरमुऱ्यांची सुशीला. संध्याकाळी फोन. “जागायलास ना रं रातचं?” पोरगं हो म्हणतं. घरी समाधान.

झोपलास का, हे कुणी विचारत नाही. झोपणारं पोरगं म्हणजे पैसे बुडाले, असं सगळ्या गावाने ठरवून टाकलंय.

क्लासवाल्यांनी तरी विचारावं. पण चौकाचौकातल्या फ्लेक्सवर 720 पैकी किती, हे छापता येतं. किती वाजता झोपला, हे छापून ॲडमिशन वाढत नाहीत. त्या फ्लेक्सवरच्या पोरांच्या डोळ्यांखाली एकदा नीट बघा. फोटोवाल्याने बरंच पुसलेलं असतं, तरी.

या सगळ्यांना जायचंय कुठे? लातूरच्या किंवा नांदेडच्या विष्णुपुरीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. पांढरा कोट घालून. उद्या हीच मंडळी रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून म्हणणार, “चहा-कॉफी कमी करा, झोप पूर्ण घ्या.” म्हणतील आणि कोटाच्या खिशातून बाटली काढतील. जागरण झालं की गोंधळ आलाच, हे आपल्या खंडोबाला पूर्वीपासून ठाऊक आहे.

सरकारला यात काहीच कळत नाही, असं समजू नका. तिजोरीला बरोबर कळतं. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅफिनच्या पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे. देशातला सर्वांत वरचा दर. आधीही 28 टक्के आणि वर 12 टक्के उपकर, म्हणजे चाळीसच. ज्या वस्तू लोकांनी कमी घ्याव्यात असं सरकारला वाटतं, त्यांच्या पंगतीत दिल्लीने ही बाटली कधीच बसवली आहे. म्हणजे वाईट आहे, यावर सरकारचं एकमत आहे. वसूल करण्यापुरतं.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. अभ्यासिका रात्री अकराला बंद करा. ‘चोवीस तास सुरू’ हा फलक अभिमानाचा नाही. क्लासने पहाटेची बॅच दोन तास पुढे ढकलावी, डॉक्टर होणारी पोरं दोन तासांनी कमी होणार नाहीत. पालकांनी पुढच्या वेळी खोलीवर गेल्यावर वहीआधी कॉटखाली बघावं. आणि ज्याचे हात थरथरतात, छाती उगाच धडधडते, त्याची नजर न काढता एक ईसीजी काढावा. रोज दोन-तीन बाटल्या घेणाऱ्याने एकदम तोडू नये, डोकं ठणकतं आणि तो दुसऱ्या दिवशी परत फ्रिजपाशी येतो. आठवड्याला एक-एक कमी केली तर सुटते.

राहिला शाळेजवळचा फ्रिज. फाटकापासून पन्नास मीटर म्हणजे साधारण सत्तर पावलं, घोषणेतले पाचशे मीटर म्हणजे सातशे. चालत मोजून या, चारचौघांना सोबत घेऊन. आत विक्री दिसली तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक आहे, 1800222365. फोन लावा आणि विधान परिषदेत सांगितलेली ती यादी आपल्या जिल्ह्यात पोहोचली का, तेवढंही विचारून घ्या.